‘अजून कुणी कुणी पाहिलंय?’ : दुसऱ्यांची पसंती आपली कशी होते

इंदूरच्या मराठी घरात स्थळ सांगून आलं की शिक्षण, नोकरी, पत्रिका, घरात माणसं किती, हे सगळं विचारून होतं आणि मग आवाज जरा खाली आणून एक प्रश्न येतोच: ‘अजून कुणी कुणी पाहिलंय?’ मध्यस्थ म्हणाला, ‘दोन घरांतून होकार आलाय, पण मुलाचंच ठरत नाहीये,’ की ऐकणारे सावरून बसतात. तोच मध्यस्थ म्हणाला, ‘पाच-सहा ठिकाणी पाहणं झालं, कुठे जमलं नाही,’ की बायोडाटा घडी होऊन फाइलीत जातो. मुलगा तोच, फोटो तोच, पगारही तोच. बदलली ती फक्त दुसऱ्यांची मतं, आणि त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नाही.

मी इथल्या एका मंडळाच्या वधू-वर परिचय संमेलनाच्या कामात बरीच वर्षं आहे. मंचावर परिचय देऊन मुलगी खाली उतरली आणि तिच्या फॉर्मची चौकशी करायला टेबलापाशी दोन कुटुंबं आली, की तिसरं आणि चौथं कुटुंब ‘कुठला नंबर हो?’ म्हणत मागे उभं राहतंच. मंचावर ती बोलत असताना हेच लोक पोहे खात होते. (इंदूर आहे, संमेलन असो की पाहण्याचा कार्यक्रम, पोह्यांवर शेव आणि जीरावण पडल्याशिवाय पुढे काही सरकत नाही.)

याला लोकांची मेंढरं वृत्ती म्हणून सोडून देता येईल, पण प्रकरण त्याहून जुनं आणि जास्त रंजक आहे. दुसऱ्याने कुणाला निवडलं हे पाहून आपली आवड बदलणं, म्हणजे जोडीदाराच्या निवडीची नक्कल, यावर जीवशास्त्रात आणि मानसशास्त्रात तीस वर्षांहून जास्त काळ प्रयोग चालू आहेत. त्यातला एक गाजलेला प्रयोग झाला तो गप्पी माशांवर. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप विभाग विहिरीत आणि हौदात सोडतो, तेच गप्पी.

ली डुगाटकिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 1992 साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग अगदी साधा होता. टाकीच्या दोन टोकांना एकेक नर, मधोमध पारदर्शक नळीत एक मादी. एका नराजवळ दुसरी मादी काही वेळ ठेवली, मधल्या मादीला ते पाहू दिलं आणि मग त्या दुसऱ्या मादीला काढून घेतलं. मधल्या मादीला मोकळं सोडल्यावर 20 पैकी 17 वेळा ती त्याच नराकडे गेली, ज्याच्याजवळ तिने दुसरीला पाहिलं होतं. हा निव्वळ घोळक्याचा ओढा नव्हे ना, हे पडताळण्यासाठी डुगाटकिनने वेगळे प्रयोगही केले. पुढे जाँ-गी गोदँ या सहकाऱ्याबरोबर त्याने असंही दाखवलं की मादीने आधी एक नर पसंत केलेला असला तरी दुसरीची निवड पाहून ती आपला कौल फिरवते. आणखी एक गोष्ट दिसली: वयाने लहान माद्या मोठ्या माद्यांची नक्कल करतात, मोठ्या मात्र लहानांची करत नाहीत. आमच्याकडे थोरल्या जावेच्या मताला जे वजन असतं ते इथे आठवलं तर माझा इलाज नाही.

नकलेला मर्यादाही असते, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. गप्पी माद्यांना अंगावर नारिंगी रंग जास्त असलेले नर मुळातच आवडतात. डुगाटकिनने 1996 साली या उपजत आवडीची आणि नकलेची झुंज लावली. दोन नरांच्या नारिंगी रंगात थोडा फरक असला, अगदी 25 टक्क्यांच्या आसपास असला तरी, दुसरीला पाहून मादी फिक्या नराकडे वळत होती. फरक 40 टक्क्यांवर गेला की दुसरी काय करते याची तिला पर्वा नव्हती. ती सरळ जास्त नारिंगी नराकडे जायची. म्हणजे निवड अवघड, दोन्ही बाजू जवळपास सारख्या, अशा वेळी दुसऱ्याचं मत काटा झुकवतं. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर त्याचं फारसं चालत नाही. संमेलनाच्या पुस्तिकेत तीनशे इंजिनीअर एकापाठोपाठ एक छापलेले असतात, तेव्हा तिथे कोणती परिस्थिती असते हे वेगळं सांगायला नको.

मासे एवढ्यावर थांबत नाहीत. मेक्सिकोतल्या मॉली जातीच्या माशांमध्ये, आपल्याला कुणी दुसरा नर बघतोय असं दिसलं की नर आपल्याला खरोखर आवडलेल्या मादीकडे न जाता आधी दुसरीकडेच लक्ष दिल्यासारखं करतो, असं 2008 साली मार्टिन प्लाथ आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. बघणाऱ्याची दिशाभूल करणं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. चांगलं स्थळ सुपारी फुटेपर्यंत मावशीलासुद्धा न सांगणारी घरं मला ठाऊक आहेत. ती कारण देतात दृष्ट लागण्याचं.

आता माणसांकडे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या बेन जोन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली स्त्रियांना पुरुषांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या आणि कोण जास्त आकर्षक वाटतो ते विचारलं. मग तेच चेहरे पुन्हा दाखवले, पण या खेपेला शेजारी एक बाई होती: एका पुरुषाकडे ती हसून पाहत होती, दुसऱ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने. त्यानंतर परत मत विचारलं, तर ज्याला हसू मिळालं होतं त्या पुरुषाकडे स्त्रियांचा कौल सरकलेला दिसला. हाच प्रयोग पुरुषांवर केला, तर उलटं झालं. बाई ज्याच्याकडे पाहून हसली तो पुरुष त्यांना पूर्वीपेक्षा कमी आकर्षक वाटू लागला! स्पर्धकाच्या गळ्यात माळ पडताना पाहून खुशीने टाळ्या वाजवणारा विरळाच.

फोटोंवरचे प्रयोग खोटेखोटे वाटतात, ही तक्रार रास्त आहे. म्हणून 2010 साली स्कायलर प्लेस, पीटर टॉड आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये झालेल्या खऱ्याखुऱ्या भेटींची चित्रणं वापरली. काही मिनिटांत एकमेकांना भेटून ‘पुन्हा भेटायचं का’ ते कळवायचं, असा तो कार्यक्रम होता. ही चित्रणं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना दाखवली. बोलणं जर्मनमध्ये, त्यामुळे शब्द कळायचा प्रश्न नव्हता, फक्त हावभाव. तरीही, भेट छान झाली असं पाहणाऱ्याला वाटलं की त्या व्यक्तीबद्दलची त्याची स्वतःची ओढ वाढत होती. इथे नक्कल स्त्रिया आणि पुरुष दोघांमध्येही दिसली. एकंदर संशोधन पाहिलं तर स्त्रियांमधला परिणाम ठळक आहे, पुरुषांमधला पुसट आणि चंचल.

लग्न झालेले किंवा ठरलेले पुरुष बायकांना जास्त आवडतात का, या चविष्ट प्रश्नावर मात्र उत्तरं एकमेकांना काटतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात जेसिका पार्कर आणि मेलिसा बर्कली यांनी 2009 साली अविवाहित मुलींना एकाच पुरुषाचा फोटो दाखवला. काहींना सांगितलं तो एकटा आहे, काहींना सांगितलं त्याचं कुणाशी जमलेलं आहे. एकटा असताना 59 टक्के मुलींनी रस दाखवला, जमलेला असताना 90 टक्के. वर्तमानपत्रांना याहून गोड आकडे कुठून मिळणार? पण त्याआधी, 2003 साली, स्वीडनमध्ये टोबियास उलर आणि क्रिस्टोफर योहान्सन यांनी बोटात अंगठी घातलेल्या आणि न घातलेल्या पुरुषांशी स्त्रियांच्या प्रत्यक्ष गप्पा घडवल्या होत्या. अंगठीने काहीही फरक पडला नाही. मला दुसऱ्या प्रयोगावर जास्त भरवसा वाटतो, कारण त्यात समोर बोलणारा जिवंत माणूस होता.

मुलींच्या बाबतीत एक वेगळीच गाठ आहे. सारा हिल आणि डेव्हिड बस यांनी 2008 साली दाखवलं की भोवती स्त्रिया असलेला पुरुष स्त्रियांना जास्त हवासा वाटतो, पण भोवती पुरुष असलेली स्त्री पुरुषांना कमी हवीशी वाटते. संशोधकांनी याची मुळं उत्क्रांतीत शोधली. मला वाटतं, ‘मुलाचा मित्रपरिवार मोठा आहे’ हे कौतुकाने आणि ‘मुलीचे मित्र बरेच दिसतात फेसबुकवर’ हे भुवया उंचावून सांगणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला असं वाटायला लाखो वर्षांच्या उत्क्रांतीची फारशी गरज नाही.

मग ही नक्कल प्रेमाचीच खास गोष्ट आहे का? बहुधा नाही. 2018 साली सॅली स्ट्रीट, केट क्रॉस आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांना पुरुषांचे चेहरे, पुरुषांचे नुसते हात आणि चक्क चित्रं दाखवून गुण द्यायला सांगितले. मग इतरांनी सरासरी किती गुण दिले ते कळवून पुन्हा गुण विचारले. तिन्ही बाबतींत मतं सारख्याच प्रमाणात सरकली. नवरा निवडताना एखादं गुप्त यंत्र चालू होतं असं नाही. साडी घेताना, शाळा ठरवताना आपण ज्या डोक्याने इतरांकडे बघतो, त्याच डोक्याने इथेही बघतो.

‘लोक फक्त तोंडदेखलं हो म्हणत असतील, आतून मत बदलत नसेल,’ असं म्हणणाऱ्यांसाठी जमील झाकी आणि सहकाऱ्यांचा 2011 चा प्रयोग आहे. तरुण पुरुषांनी स्त्रियांच्या चेहऱ्यांना गुण दिले, मग इतरांनी काय गुण दिले ते त्यांना कळवलं आणि नंतर मेंदूची छायाचित्रं घेत पुन्हा गुण विचारले. इतरांनी वर चढवलेला चेहरा पाहताना मेंदूतले सुख आणि मोल तोलणारे भाग जास्त जागे होत होते. म्हणजे तो चेहरा त्या क्षणी त्यांना खरोखरच जास्त आवडत होता.

पण किती काळ? चीनमधल्या संशोधकांनी 2014 साली नेमकं हेच मोजलं. चेहरा किती आकर्षक वाटतो यावर समूहाचं मत ऐकवल्यानंतर काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना 3 दिवसांनी, काहींना 7 दिवसांनी आणि काहींना 3 महिन्यांनी परत विचारलं. 3 दिवसांपर्यंत दुसऱ्यांच्या मताचा रंग टिकला होता. 7 दिवसांनी तो उडालेला होता आणि माणसं आपल्या मूळ मतावर परतली होती. पाहण्याचा कार्यक्रम झाला की आपल्याकडे ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणायची रीत आहे. ती कुणी आणि कशासाठी पाडली देव जाणे, पण ‘दुसरे थांबलेत, आजच सांगा’ असं म्हणून ते आठ दिवस कुणी कापू पाहत असेल तर मी अडून बसते.

जाता जाता विरोधाबद्दल. घरच्यांनी नाही म्हटलं की प्रेम पेटतं, अशी समजूत सिनेमांनी घट्ट केली आहे, आणि 1972 साली रिचर्ड ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या 140 जोडप्यांच्या अभ्यासातून तिला पाठबळही दिलं होतं. 2014 साली कॉलीन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न नव्याने तपासला, तर तो परिणाम सापडला नाही. घरच्यांची आणि मित्रांची पसंती असेल तर नात्यातलं प्रेम आणि विश्वास वाढतात, विरोधाने खचतात, हेच समोर आलं. इथेही माणूस आजूबाजूच्यांची मान हलते की नाही याकडे बघतच असतो.

मग दुसऱ्यांचं ऐकणं चूक का? अजिबात नाही, आणि मी तरुण मुलामुलींना हे मुद्दाम सांगते, कारण ‘माझा निर्णय माझा’ म्हणताना ते हे विसरतात. हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट यांनी 2009 साली मुलींना एका मुलाशी पाच मिनिटं बोलायला पाठवलं आणि त्याआधी ही भेट किती आवडेल याचा अंदाज विचारला. काहींना त्या मुलाचा फोटो आणि माहिती दिली होती. काहींना फक्त एवढंच सांगितलं होतं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला तो किती आवडला. अंदाज कुणाचा बरोबर निघाला? दुसऱ्या गटाचा. त्यांची चूक पहिल्या गटाच्या जवळपास निम्मी होती. गंमत म्हणजे, बहुतेक मुलींना प्रयोगानंतरसुद्धा वाटत होतं की फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी पडली असती. आपण चार पानी बायोडाटावर तासभर घालवतो आणि त्या माणसासोबत खरोखर वेळ काढलेल्या कुणाशी पाच मिनिटं बोलत नाही, तेव्हा नेमकं हेच करत असतो.

तर दुसऱ्याचा अनुभव ही सोन्यासारखी माहिती आहे. घोटाळा होतो तो अनुभव गळून पडतो आणि नुसती संख्या हातात उरते तेव्हा. हे गणित अभिजित बॅनर्जी यांनी 1992 साली मांडलं. 2019 साली ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच, ज्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर. त्यांचं उदाहरण दोन उपाहारगृहांचं होतं, मी ते सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, आणते. रात्री दहाला शेजारी शेजारी दोन ठेले आहेत, दोन्हीकडे भुट्ट्याचा कीस. डावा किंचित बरा असावा, असा सगळ्यांचाच कयास. त्याशिवाय प्रत्येकाला आपापली एक कुणकुण लागलेली आहे. शंभर जणांपैकी 99 जणांची कुणकुण सांगते की उजवा चांगला, फक्त एकाची सांगते डावा. नेमका तो एकटाच आधी पोहोचतो आणि डावीकडे जातो. दुसरा येतो. त्याची कुणकुण उजवी, पण पहिला डावीकडे दिसतोय, म्हणजे त्याची डावी असणार. दोन्हींची वजाबाकी झाली, राहिला मूळ कयास, तोही डावा. तोही डावीकडे जातो. तिसऱ्याला कळतं की दुसरा पहिल्याला बघून गेला, त्याच्याकडून नवीन काही कळलं नाही, म्हणजे आपलीही अवस्था त्याच्यासारखीच. तोही डावीकडे. असं करत शंभरच्या शंभर जण डाव्या ठेल्यावर, आणि तेही त्यातल्या 99 जणांची कुणकुण उजवी असताना. एकानेही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने हातात होतं त्यावरून शहाणाच निर्णय घेतला. फक्त कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

(याच बॅनर्जींनी पुढे सहकाऱ्यांबरोबर कोलकात्याच्या वृत्तपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास केला. जात किती आडवी येते, हा तिथला मुद्दा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता हेच गणित नकाराला लावा. नक्कल फक्त पसंतीची होत नाही. जर्मनीतल्या क्लाउडिया विट्टे यांचा सेलफिन मॉली माशांवरचा जो प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला त्याचं सार एवढंच: एका मादीने नराला नाकारलेलं पाहिलं की पाहणाऱ्या मादीचाही त्या नराकडचा ओढा कमी होतो. माशांना निदान नकार प्रत्यक्ष दिसतो. आपल्याकडे तो मध्यस्थाच्या तोंडून, आत्याच्या फोनवरून, ‘असं ऐकलंय बुवा’ करत येतो, आणि येताना कारण वाटेतच सांडतं.

आणि कारणं काय असतात? आमच्या टेबलापर्यंत पोहोचतात ती अशी: मंगळ आहे. सगोत्र निघालं. मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलाला सुदामानगरमधलं घर आणि आईवडील सोडायचे नाहीत. पुण्याकडच्या घरांना इंदूर लांब पडतं, ‘तिकडे सगळे हिंदीच बोलतात ना हो?’ असाही प्रश्न येतो. मुलगा शाकाहारी, त्यांच्याकडे मासे. मुलाला दोन धाकट्या बहिणी. यातलं एकही कारण तो माणूस कसा आहे याबद्दल काही सांगत नाही. पहिल्या घराने मंगळामुळे सोडलं, दुसऱ्याने अंतरामुळे. तिसऱ्या घराच्या कानावर ‘दोन नकार’ एवढंच जातं. ते घर मंगळ मानत नाही आणि स्वतः इंदूरातच, रामबागेत राहतं, तरी ‘काहीतरी असेल’ म्हणून सोडतं. आता नकार तीन, आणि तिसरा तर निव्वळ पहिल्या दोघांची सावली. चौथ्याला मात्र तो स्वतंत्र साक्षीदार वाटतो. मुलीच्या बाबतीत हे आणखी लवकर आणि आणखी क्रूरपणे होतं, कारण तिच्यामागे वयाचा हिशोबही धावत असतो.

उलट्या दिशेनेही हेच होतं, फक्त त्याची तक्रार कुणी करत नाही. परदेशातल्या नोकरीमुळे एका घराने पसंत केलेला मुलगा दहा घरांच्या यादीत वर चढतो, आणि त्या दहातल्या निम्म्या मुलींना मुळात परदेशी जायचंच नसतं.

म्हणून संमेलनाच्या टेबलावर कुणी मला ‘किती जणांनी पाहिलंय?’ विचारलं की मी संख्या सांगत नाही. ‘जमलं नाही ते कशावरून?’ असं विचारा म्हणते. आपल्या चौकशीची पद्धतच चमत्कारिक आहे: आपण शेजाऱ्याला विचारतो, ऑफिसातल्या ओळखीच्याला विचारतो, पण ज्या घराने समोर बसून तासभर बोलून नाही म्हटलं त्याला विचारत नाही, ते शिष्टसंमत नाही. मध्यस्थाला मात्र ती कारणं बहुतेकदा ठाऊक असतात. नावं गाळून सांगायला त्याचीही हरकत नसते. त्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.